करकोच्यांची टोपी विकायची नाही

मी टोपी बोलतेय. केनेऊवेच्या डोक्यावरून बोलतेय, त्यामुळे आवाज थोडा हलला तर समजून घ्या. या डोक्याला काल रात्री झोप नव्हती.

मला ठाऊक आहे, कारण मी तिच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर होते. तिची काळजी साधीच होती. उद्या लेकीला मैदानावर न्यायचं, आणि गर्दीत हात सुटला तर? पण केनेऊवे शिकलेली बाई, थाबोंगच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. शिकलेल्या माणसाचं एका काळजीवर भागत नाही. हात घट्ट धरला तर मुलगी भित्री होईल का? सैल धरला तर बेपर्वा? आपली भीती मुलांना दिसू देऊ नये असं तिने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून भीती दिसत तर नाही ना, याचीही भीती. शेवटी उठून तिने झोपलेल्या मोसाच्या दंडावर पेनाने आपला फोन नंबर लिहिला. घामाने पुसेल म्हणून जाड मार्करने गिरवला. मग ती शाई कातडीला चांगली नसते असं आठवलं आणि ओल्या फडक्याने पुसत बसली. सहा वर्षांची मोसा झोपेतच म्हणाली, "आई, मी काय फळा आहे का?"

माझ्याकडे मात्र केनेऊवे अशी बघत होती, जणू मी चावणार आहे. तिचं अगदीच चुकत होतं असं नाही. का ते सांगायचं तर मुळापासून सांगायला हवं.

मी कापडाची टोपी नव्हे. खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर असते ती, कडक, टणक, कपाळावर दिवा अडकवायला खोबण असलेली. वेल्कमच्या सोन्याच्या खाणीवर आम्ही सगळ्या सारख्याच बहिणी खोक्यांत भरून आलो. भांडारातल्या माणसाने न बघताच मला उचललं आणि समोर आलेल्या डोक्यावर ठेवलं. ते डोकं लेशोबोरोचं. लेसोथोच्या डोंगरातून नुकताच आलेला पोरगेला माणूस, अंगावर घोंगडं.

"घोंगडं इथेच ठेव," भांडारवाला म्हणाला.

"थंडी वाजेल."

"खाली? खाली तुला थंडी भेटली तर वर येऊन मला सांग. मीही येतो बघायला."

खाली भट्टी होती. माणसांना खाली नेणारा पिंजऱ्यासारखा पाळणा सुटला की पोट घशात यायचं, आणि तळाला पोचलं की घामाची धार माझ्या कडेवरून टपटपायची. वरून खडा सुटला की आधी मला लागायचा. टोपीला डोक्यातलं सगळं कळतं असं मी म्हणणार नाही, पण टाळू तापली की माणूस चिडलाय आणि गार पडली की घाबरलाय, एवढं समजतं. त्या पोराची टाळू पहिले काही महिने गारच असायची.

ती ऊब धरायला लागली मोखेलेमुळे. मोखेले त्याच्या जोडीला खडकात भोकं पाडायचा. तो खाणीशेजारच्या थाबोंग वस्तीतच जन्मलेला, जिभेला हाड नाही. जेवणाच्या सुट्टीत तो त्यांच्या फुटबॉल क्लबची गोष्ट सांगायचा, आणि रोज नव्याने.

"आपला क्लब कोणी काढला माहीत आहे? एका मास्तराने, चर्चमधल्या पेटीवाल्याने आणि गोऱ्यांचे कपडे धुणाऱ्या एका बाईने. सदरे कुठून आणायचे? बाईने मक्याच्या पिठाची रिकामी पोती उसवली, शिवली आणि निळीत बुडवली. पहिल्याच सामन्यात पोरांना घाम सुटला, आणि नीळ उतरली खाली. अकराच्या अकरा जणांचे पाय निळे! पलीकडचे बोंबलले, 'अरे, काटकुळे निळे पाय! ही माणसं का करकोचे?'"

"मग?"

"मग काय. आपण म्हटलं, हो, करकोचे. तेव्हापासून थाबोंग क्रेन्स. लोकांनी चिडवायला नाव ठेवलं, आपण ते छातीवर शिवून घेतलं."

पुढे करकोचे मोठ्या लीगमध्ये गेले. जोहान्सबर्गच्या श्रीमंत क्लबांशी खेळले, हरले, पुन्हा खेळले, पुन्हा हरले, आणि एकदा जिंकले तर थाबोंगमधल्या कुत्र्यांनाही त्या दिवशी मटण मिळालं म्हणतात. मी तेव्हा नव्हते. मोखेले होता, आणि मोखेले जरा वाढवून सांगतो. पण काटकुळ्या पायांनी ताठ उभं राहायचं हे काही वाढवून सांगितलेलं नाही. ते मी स्वतः पाहिलंय.

मैदानावर मी पहिल्यांदा गेले ती बाटलीमुळे. त्या काळी गोल झाला की मागच्या उंच पायऱ्यांवरून बाटल्या यायच्या, आनंदात आणि रागातही. एक लेशोबोरोच्या कानाजवळून गेली. पुढच्या शनिवारी तो मला डोक्यावर घालूनच निघाला. खाणीची वस्तू बाहेर न्यायची नाही असा नियम होता, पण टोपी डोक्यावर असली की ती माणसाची की खाणीची हे दारावरच्या पहारेकऱ्याने कसं ठरवावं?

"नुसती टोपी काय घालतोस गवंड्यासारखी," मोखेले म्हणाला. "दे इकडे."

त्याने चाकू निखाऱ्यावर तापवला आणि माझ्या कडेत घातला. आता तुम्ही विचाराल, दुखलं का? मला नाही आठवत. वितळल्याचा वास आठवतो आणि आपण हजारो बहिणींपैकी एक उरलो नाही, हे एकदम कळलं ते आठवतं. त्याने दोन्ही बाजूंना पंख कापून वर वाकवले. डोक्यावर पत्र्याचा करकोचा उभा केला, मान लांब, चोच आकाशात. सगळं निळं-पांढरं रंगवलं. कपाळावर दिव्याच्या खोबणीखाली दोन शब्द लिहिले: रे तेंग. आमच्याकडे कोणी कसे आहात विचारलं की हेच उत्तर देतात. आहोत.

अशा टोपीला इकडे मकरापा म्हणतात. मैदानभर असतात, शिंगांच्या, पंखांच्या, चषकांच्या. पण शपथेवर सांगते, पत्र्याची मान वाऱ्यात डोलणारी मी एकटीच होते.

काय दिवस होते ते! सामन्याला निघताना एका काखेत पावाची अख्खी लादी आणि दुसऱ्या काखेत कोबी. तुम्हाला आज असं खाणार, हे समोरच्यांना दाखवायला. कोबीचा कच्चा चावा घ्यायचा आणि पलीकडे बघत सावकाश चावायचा.

"ए करकोच्या!" जोहान्सबर्गवाले ओरडायचे. "त्या पायांचं सूपसुद्धा व्हायचं नाही!"

"तुझ्या आईला विचार, गेल्या वर्षी तिने पातेलं घासून ठेवलं होतं. रिकामंच नेलं परत!" मोखेले.

"तुमचा गोली झोपलाय!"

"तुमचे पुढचे खेळाडू आल्याशिवाय उठवू नका म्हणून सांगितलंय!"

चषक आम्ही एकदाच जिंकला. त्या वर्षी लेशोबोरोने बायकोला लेसोथोहून आणलं, थाबोंगमध्ये घर केलं, आणि केनेऊवे जन्मली. त्याची बहीण मोत्सेलिसी मात्र अजून सांगते की तिच्या लग्नाच्या दिवशी भाऊ उपांत्य सामन्याला गेला होता. "नवऱ्याकडच्यांनी विचारलं, मुलीचा भाऊ कुठे? मी काय सांगू? पत्र्याचा पक्षी डोक्यावर घेऊन बोंबलतोय म्हणून सांगू?"

केनेऊवे चालायला लागल्यापासून बापाच्या खांद्यावर बसून यायची. तिच्या गुडघ्यांमध्ये मी असायचे. पंख धरून ती मला सुकाणूसारखी फिरवायची. कोटा, म्हणजे कोरलेल्या पावात बटाटे आणि आंब्याचं लोणचं भरलेलं, ते खाऊन हात माझ्याच पंखांना पुसायची. तो पिवळा डाग अजून आहे, बघा.

मग तो शनिवार आला. जोहान्सबर्गचा सगळ्यात मोठा क्लब आला होता आणि मैदानात मावतील त्याहून कितीतरी जास्त माणसं बाहेर होती. तीन नंबरचं दार अर्धंच उघडं होतं, एक फळी कडी लावून बंद. आतून गोलची आरोळी आली आणि मागचे पुढे रेटले. पुढच्यांना जायला वाट नव्हती.

लेशोबोरोची टाळू बर्फासारखी झाली. इतकी गार ती मी खाणीतही अनुभवली नव्हती. त्याने मला काढून सात वर्षांच्या केनेऊवेच्या डोक्यावर दाबलं आणि तिला दोन्ही हातांनी वर उचललं. "घ्या! पोरीला घ्या!" माणसांनी घेतलं. हातांवरून हातांवर, डोक्यांवरून डोक्यांवर ती पुढे गेली, आणि कुंपणावरून पलीकडे उतरवली गेली. उतरताना माझं डोकं खांबावर आपटलं. मागे ही चीर आहे, रंगाखाली. ती केनेऊवेच्या कवटीला जायची होती.

लेशोबोरो बराच वेळाने आला, एका पायात बूट नसलेला. काही माणसं त्या दिवशी घरी आलीच नाहीत. मोखेले त्यांतला.

केनेऊवे पुन्हा कधी मैदानावर गेली नाही. घरात मैदानाचं नाव काढलं तरी ती उठून जायची. ती शिकली, मास्तरीण झाली, आई झाली, आणि जगातलं प्रत्येक दार आधी कुठल्या बाजूला उघडतं हे बघायला लागली. शाळेच्या सहलीत तिच्याइतक्या वेळा मुलं मोजणारं कोणी नाही. सहकारी हसतात. तीही हसते, आणि पुन्हा मोजते.

लेशोबोरो जात राहिला. पण बाप तिथे जाऊन काय करतो हे तिने कधी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. मी सांगते. पुढच्याच सामन्याला तो आणि आणखी काहीजण पाने-हातोडे घेऊन लवकर गेले आणि तीन नंबरच्या दाराच्या दोन्ही फळ्या बिजागऱ्यांतून काढून टाकल्या. अधिकारी आले, म्हणाले, परत बसवा. लोक म्हणाले, बसवून दाखवा. बसवल्या. पुढच्या सामन्याला पुन्हा निघाल्या. तिसऱ्यांदा कोणी बसवल्याच नाहीत. त्या दाराला आजही दार नाही. आणि फळीच्या जागी, उंच दगडावर, लेशोबोरो उभा राहायचा. मी त्याच्या डोक्यावर, म्हणजे लांबून दिसावा असा करकोचा. शेवटचा माणूस आत जाईपर्यंत तो आत जायचा नाही. पहिला अर्धा खेळ त्याने कधी पाहिला नाही. आरोळीवरून गोल कोणाचा ते मला सांगायचा. बहुतेक वेळा चुकायचा.

मग खाणीची धूळ छातीतून वर आली. खोकला, मग श्वास, मग पलंग. गेल्या हिवाळ्यात तो गेला.

आमच्यात मेलेल्या माणसाचे कपडे गाठोड्यात बांधून कोपऱ्यात ठेवतात. शुद्धीचा दिवस येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, कारण मरणाची सावली त्यांच्यावर असते. आत्या येते, कोरफडीच्या पाण्याने सगळं शुद्ध करते आणि मग कोणाला काय ते तीच वाटते. ज्याला मिळालं त्याने त्याच दिवशी अंगावर घालायचं. मी त्या गाठोड्यात होते. डोळ्यांपुढे फक्त लोकरीचा कोट. बाहेरचं जग मला रेडिओवरून कळत होतं, आणि रेडिओवर एक दिवस सांगितलं की करकोचे विकले गेले.

होय, विकले. या देशात क्लबची लीगमधली जागा विकता येते, भूखंडासारखी. किनाऱ्यावरच्या कोण्या शेठने घेतली. पुढच्या हंगामात ती जागा समुद्राकाठी असेल, नाव दुसरं, रंग दुसरा. मालक रेडिओवर म्हणाला, आपण सगळ्यांनी प्रगतीकडे पाहायला हवं. मी गाठोड्यात होते म्हणून, नाहीतर पत्र्याची चोच कुठे घातली असती सांगत नाही.

आणि मोसाला हे कुठून कळलं कोण जाणे, पण शाळेतून आल्यावर ती आईला म्हणाली, "शनिवारी करकोच्यांचा शेवटचा खेळ आहे. मला जायचंय."

"बघू."

"बघू म्हणजे नाही."

"बघू म्हणजे बघू."

"तू शाळेतल्या मुलांना पण बघू म्हणतेस, आणि मग नाहीच म्हणतेस."

केनेऊवेने विषय बदलला. मोसाने बदलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आई वह्या तपासत असताना तिने गाठोड्याची गाठ दातांनी सोडली, कोट बाजूला केला आणि मला बाहेर काढून डोक्यावर घातलं. मी नाकापर्यंत आले. किती दिवसांनी डोकं मिळालं होतं! लहानसं, गरम, एका क्षणासाठीही गार न पडलेलं. तशीच ती आईपुढे जाऊन उभी राहिली.

केनेऊवेच्या हातातलं पेन पडलं. "काढ. मोसा, काढ ती."

"का? आजोबांची आहे."

"म्हणूनच!"

मास्तरणीचं या सावलीवर विश्वास ठेवावा की नाही हे कधीच ठरलेलं नव्हतं. वर्गात ती मुलांना सांगते की अंधाराला घाबरू नये. पण त्या दुपारी तिने आत्याला फोन लावला.

मोत्सेलिसी आत्या दुसऱ्या दिवशी पहाटेच आली, हातात कोरफडीची पानं आणि मागे मुलगा मोजालेफा. मोजालेफा वेल्कमला मोटारी विकतो आणि जोहान्सबर्गच्या त्याच मोठ्या क्लबचा पाठीराखा आहे. बापजन्मात कधी मैदानावर गेला नाही, टीव्हीवर बघतो.

"कुठे आहे ती चोर?" आत्या दारातूनच.

मोसा पुढे झाली. "मी चोर नाही. मी फक्त घातली."

"ऐका! बापाच्या बापावर गेली."

"आईच्या बापावर," मोसाने दुरुस्त केलं. मास्तरणीची मुलगी.

आत्याने हसू गिळलं. "केनेऊवे, अजून महिनाभर थांबायचं होतं, आता थांबता येत नाही. गाठ सुटली, टोपी पोरीच्या डोक्याला लागली. आजच शुद्धी करायची. पाणी आण."

पाण्यात कोरफड चिरून टाकली. मोसाचं डोकं धुतलं, ती कडू चव ओठांना लागून थुंकत राहिली. मग मला धुतलं, पंखांच्या खाचांतून, चिरेतून, सगळीकडून. मग वाटणी सुरू झाली. कोट शेजाऱ्याला. बूट आत्याच्या नवऱ्याला. घोंगडं केनेऊवेला.

"टोपी मला द्या," मोजालेफा म्हणाला. "दुकानात लावीन. रंग काढून नवीन मारून घेतो, पिवळाधमक. ती पक्ष्याची मान तेवढी कापायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यात जाईल. नाहीतरी तो क्लब आता आहे कुठे?"

मला डोकं नव्हतं म्हणून वाचला.

आत्या त्याच्याकडे वळली. तिला फुटबॉलचं काडीचं प्रेम नाही. लग्नातला तो उपांत्य सामना ती अजून विसरलेली नाही. "माझा भाऊ या पक्ष्यासाठी माझ्या लग्नाला आला नाही," ती म्हणाली, "आणि तू त्याची मान कापणार? म्हणजे मी उगाच रडले का तेव्हा?"

"आई, एक जुनी टोपी..."

"गप. लहान पोराला मेलेल्याची वस्तू देत नाहीत, म्हणून मोसाला नाही. पण पोरीच्या डोक्याला लागली, म्हणून ती आता या घराबाहेर जात नाही. केनेऊवे, तुझी."

"मला नको, आत्या. काहीही दे, ही नको."

"हे काय कापडाचं दुकान आहे? हे नको, ते दाखवा? पुढे हो."

आणि तिने मला केनेऊवेच्या डोक्यावर ठेवलं. टाळू बर्फ. बापाची होती त्या दिवशी, अगदी तशीच. वस्तू मिळाली की त्या दिवशी अंगावर ठेवायची, म्हणून तिने मला संध्याकाळपर्यंत घातलं, वह्या तपासल्या, भाजी चिरली, आणि दारातून जाताना करकोच्याची मान दोनदा चौकटीला अडकली. रात्री मोसा म्हणाली, "आई, ती टोपी खेळ बघायला आहे. भाजी चिरायला नाही."

 केनेऊवेने मला कपाटात न ठेवता खुर्चीवर ठेवलं. त्या रात्रीचं पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

आज दुपारी आम्ही आलो. मोसाचा हात तिने इतका घट्ट धरला होता की पोरीने वाटेतच सांगितलं, "बोटं परत हवीत मला." रस्ता निळा-पांढरा झाला होता. व्हुव्हुझेलाच्या लांब पिपाण्या, कोबी, पाव, रडणारी म्हातारी माणसं, नाचणारी म्हातारी माणसं. कोणीतरी फलक आणला होता: शेठ, निळीचा डाग निघत नाही.

तीन नंबरच्या दाराशी ती थांबली. पायच उचलेना. मागून एकजण आईला मारावी तशी हाक मारून म्हणाला, "म्मे, टोपी अडकली का चप्पल?" दुसरा म्हणाला, "थांब रे. टोपी बघ."

मग ते पसरत गेलं. "लेशोबोरोची टोपी!" "दाराची टोपी आली!" "सरका, वाट द्या!" गर्दी दोन्हीकडे सरकली. केनेऊवेला वाटलं आपल्याला आत सोडताहेत. पण वाट आत जात नव्हती. ती त्या उंच दगडापर्यंत जात होती.

दगडाशी एक दाढीवाला माणूस उभा होता, घामाघूम, आवाज बसलेला. "म्मे, बरं झालं आलात. न्ताते लेशोबोरो, तुमचे वडील, गेल्यापासून मी करतोय, पण माझं कोणी ऐकत नाही. माझ्याकडे पक्षी नाही."

"काय करताय?"

"दार." त्याने मोकळ्या चौकटीकडे हात केला. "न्तातेंनी सांगितलं नाही? त्या वर्षानंतर ते इथेच उभे असायचे. सगळे आत जाईपर्यंत. चला, चढा, गर्दी वाढतेय."

ती चौकटीकडे बघत राहिली. बिजागऱ्यांची गंजलेली भोकं होती. फळी नव्हती. तिने हात लावून बघितलं, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "मला गर्दीची भीती वाटते."

"मग झालंच तर," दाढीवाला म्हणाला. "न वाटणाऱ्याचं इथे कामच काय?"

मागे लोट येत होता. तिने मोसाला दगडाच्या आतल्या बाजूला, भिंतीच्या कोपऱ्यात उभं केलं, माझ्या हनुवटीखालचा पट्टा आवळला आणि चढली.  मग दुसरीच्या वर्गाला वीस वर्षं पुरेल असा आवाज त्या काटकुळ्या बाईतून निघाला.

"दोघादोघांची रांग! ढकलायचं नाही! ए, कोबीवाले काका, कोबी खाली! निळा शर्ट, हो, तूच, इकडेतिकडे काय बघतोस, मागे हो! आजी, तुम्ही या पुढे. बाकीचे थांबा. थांबा म्हटलं ना!"

थांबले. हजारो माणसं, ज्यांच्यापैकी निम्म्यांनी सकाळपासून बिअर प्यायलेली, दोघादोघांच्या रांगेत उभी राहिली. एकाने तर हात वर करून विचारलं, "बाई, जाऊ का?" आणि सगळे हसले. तीही हसली. मी माझ्याखालची टाळू चाचपत होते. ती गार होती, शेवटपर्यंत गारच होती. पण ती दगडावरून उतरली नाही. आत आरोळी उठली तेव्हा मागचे रेटले, आणि तिने दोन्ही हात पसरून असा ओरडा केला की पत्र्याची मान थरारली आणि लोट जागच्या जागी थबकला.

शेवटचा माणूस आत गेला तेव्हा अर्धा खेळ संपला होता. मोसा कोपऱ्यात पाव खात बसली होती. आम्ही आत आलो. सामना बरोबरीत सुटला, एक-एक. आमचा गोल मी पाहिला नाही. आरोळीवरून ओळखला, आणि बरोबर ओळखला.

आता शिट्टी होऊन बराच वेळ झालाय. भोंग्यावरून सांगताहेत, क्लब आपला आभारी आहे, कृपया शांतपणे बाहेर जावे. कोणी उठत नाही. कोणी दार लावून घेऊ म्हटलं तर लावायला दार नाही. समोरच्या पायऱ्यांवर हजारो माणसं गात एका लयीत उड्या मारताहेत, आणि खालचं काँक्रीट खाणीतल्यासारखं हादरतंय.

अशा वेळी टोपीने निरोप घ्यावा अशी रीत आहे. मी घेत नाही. कोणाचा घेऊ? लीगमधली जागा विकली, ती विकणाऱ्याची होती, जाऊ दे समुद्रावर. मोखेलेचा चाकू, त्या बाईची नीळ, लेशोबोरोचा दगड, यांतलं काही त्या कागदावर नव्हतं. पुढच्या हंगामात आम्ही खालच्या लीगमध्ये खेळू. तिथे घेतलं नाही तर त्याच्याही खालच्या. तिथेही नाही तर शाळेमागच्या मोकळ्या जागेत खेळू, आणि तिथेही माझ्याखाली एक डोकं लागेल. चिरलेली आहे, डागाळलेली आहे, मान वाकडी आहे. पण काचेत ठेवायची गोष्ट करू नका आणि पिवळ्या रंगाचा डबा माझ्याजवळ आणू नका.

केनेऊवे रडतेय. बाकावर उभी राहून, घसा फाटेपर्यंत गातेय आणि रडतेय, आणि त्यातच तिला आठवलं की मुलीला नीट समजावून सांगायला हवं. क्लब म्हणजे काय, तो जातो म्हणजे काय, माणूस गेल्यावर काय उरतं. रात्रभर तिने हे वाक्य जुळवलंय, लहान मुलाला झेपेल असं, खोटं न बोलता, भीती न दाखवता. तिने डोळे पुसले, मागच्या बाकावरच्या मोसाकडे वळली, तिचे दोन्ही हात हातात घेतले. "मोसा," ती म्हणाली, "तुला एक सांगायचंय..."

"आई, आधी बाजूला हो ना," मोसा म्हणाली. "तुझी टोपी मध्ये येतेय."